अकराची बॅच आणि उचललेली वजनं

व्यायाम शिकवणाऱ्या बाईच्या अंगात ताकद किती साठते ते मला माहीत नाही, किस्से मात्र ढिगानं साठतात! कारण साधं आहे. वजन उचलताना बाई गप्प असते, दात घट्ट मिटलेले असतात. पण दोन सेटच्या मध्ये मी दीड मिनिट विश्रांती देते. त्या दीड मिनिटात हातपाय थांबतात आणि तोंड सुटतं. रोज अशी पंधरा-वीस दीड मिनिटं, आणि हे नऊ वर्षं चाललंय. तुम्हीच हिशोब करा.

मी शैला. हैदराबादेत जामबागच्या एका मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं पी.टी. शिकवलं. शाळा सोडल्यावर चिक्कडपल्लीत फॉल-बीडिंगच्या एका दुकानावरचा हॉल घेतला आणि फक्त बायकांसाठी वेट ट्रेनिंगची बॅच काढली. वेळ सकाळी अकरा. लोक हसले. "जिम म्हणजे पहाटे पाचला, मॅडम!" पहाटे पाचला बाई डबे भरत असते हे त्यांना ठाऊक नसावं. अकराला नवरा ऑफिसात, मुलं शाळेत, भांडीवाली येऊन गेलेली आणि दुपारचा कुकर अजून लावायचा असतो. दिवसात बाईचा म्हणावा असा तो एकच तास.

या किश्शांत एक बाई सारखी येणार आहे, तिची ओळख आधी करून देते. विजयक्का. तेलुगू आहे, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, पहिल्या दिवसापासून बॅचला. मराठी सगळी समजते, पण बोलते आपली हैदराबादी हिंदी. वजन बेताचंच उचलते. जिभेला मात्र हाड नाही!

ऐकणारे म्हणतात, "मॅडम, तुमचे किस्से फार मजेदार असतात." असतील. सांगताना मलाही हसू येतं. सांगून झालं की मग तोंडात कारल्याची चव राहते.

*

प्रियांका पहिल्यांदा आली ती नवऱ्याबरोबर. वय बत्तीस, दोन मुलं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बोलायला अगदी गोड. माझ्याकडे एक साधा फॉर्म आहे. नाव, वय, दुखणीखुपणी, आणि शेवटी एक प्रश्न, "व्यायाम कशासाठी करायचा आहे?" फॉर्म त्यानंच भरला. शेवटच्या प्रश्नापाशी पेन थांबलं. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि लग्नातला फोटो माझ्यासमोर धरला. फोटोत प्रियांका, पिवळ्या शालूत, काडीसारखी.

"मॅडम, जास्त काही नको. फक्त असं करून द्या!"

जसं काही मी टेलर आहे आणि हा ब्लाउजचा नमुना घेऊन आलाय.

चार दिवसांनी तिला एकटीला गाठून मी तोच प्रश्न विचारला. ती जरा लाजली. म्हणाली, "मॅडम, आमचं गॅसचं सिलिंडर बाल्कनीत असतं. दर वेळी ते फरशीवरून ओढत आणते, खालच्या मजल्यावरच्या आंटी ओरडतात. मला ते उचलून आणायचंय. एकदम. पिक्चरमधल्या हिरोसारखं!"

ती मनापासून यायची. सहा महिन्यांत चाळीस किलो जमिनीवरून उचलायला लागली. एक दिवस आल्या आल्या दारातूनच ओरडली, "उचललं, मॅडम! भरलेलं!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात नवरा तिला न्यायला वर आला. फोन काढला, तोच फोटो काढला, तिच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि म्हणाला, "मॅडम, सहा महिने झाले. फरक काही दिसत नाही."

मी म्हटलं, "फरक दिसायचा नसतो, विचारायचा असतो. चाळीस किलो उचलते तुमची बायको."

तो हसला. "कशाला पण? घरात मी आहे ना उचलायला!"

मागून विजयक्काचा आवाज आला, "हौ बाबू. फोन!"

अख्खी बॅच हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? प्रियांकासुद्धा हसली, आणि लगेच तोंडावर हात धरला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं मेसेज आला, "सॉरी मॅडम, घरी फंक्शन आहे." या गोष्टीला तीन वर्षं झाली. फंक्शन अजून चालूच आहे!

*

वैशालीची गोष्ट वेगळी. तिला कुणी अडवत नव्हतं. फक्त वेळ सापडत नव्हता. उन्हाळ्यात मुलांना सुट्ट्या लागल्या आणि तिचं येणं बंद झालं. मी म्हटलं, हरकत नाही, सवय मोडायला नको. हॉलमधले पाच-पाच किलोचे दोन डंबेल्स तिला घरी दिले. "रोज वीस वेळा डोक्यावर उचलायचं. दहा मिनिटं लागतात. बस."

महिन्याभरानं तिच्या गल्लीत माझं काम निघालं, म्हणून वर डोकावले. दार सताड उघडं होतं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला खाली अडकण लावली होती. पाहिलं तर आपलंच डंबेल!

सासूबाईंनी प्रेमानं बसवलं. मोठ्या अगत्याची बाई. उस्मानिया बिस्किटं पुढे केली, पंखा माझ्याकडे वळवला. आत स्वयंपाकघरात ढप् ढप् आवाज चालला होता.

"वैशाली कुठाय?"

"आत आहे. पापडाचं पीठ कुटतेय." मग खूश होऊन म्हणाल्या, "मॅडम, फार उपयोगी वस्तू दिलीत हो! आमचा बत्ता हलका पडायचा. याला वरून प्लास्टिक गुंडाळलं की झालं. तुम्ही वीस वेळा उचल म्हणालात ना? ती शंभर-शंभर वेळा उचलते!"

मी उठून दाखवायला गेले की बाई, हे असं नाही, हे असं खांद्यापासून सरळ वर न्यायचं असतं. "तुम्हीपण करून बघा," म्हटलं. "नुसता रिकामा हात वर करा."

त्यांनी उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. पुढे जाईना. त्यांनी डाव्या हातानं कोपराला धरून जरा ढकलून पाहिलं, मग सोडून दिलं.

"कधीपासून असं?"

"झाली की दहा-बारा वर्षं. केस विंचरायला सूनच लागते," त्या हसत म्हणाल्या. "पापडानंच गेला हो हात. आमच्या सासूबाई एका उन्हाळ्याला आठ-आठ किलोचे करून घ्यायच्या. पोरीचं वय होतं, कळायचं नाही. कुटत राहायचे."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. वाटलं, आता यांच्या लक्षात येईल. इतकं सरळ आहे, यांनीच तर सांगितलं!

आतला आवाज तेवढ्यात थांबला. मी आल्याचं वैशालीला कळलं असावं. सासूबाईंनी मान वळवली आणि त्याच प्रेमळ आवाजात हाक मारली,

"वैशाली, हात थांबला का गं?"

*

आता माझ्या स्वतःच्या शहाणपणाचा किस्सा.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हॉलमध्ये वजनाचा काटा होता. दर सोमवारी सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, एकेकीनं काट्यावर चढायचं आणि मी आकडा मोठ्यानं वाचायचा. कमी झालं की टाळ्या, वाढलं की "ओऽऽ"! शाळेतली सवय, दुसरं काय. मला वाटायचं यानं बायकांना हुरूप येतो.

तेव्हा लता नावाची एक शिक्षिका यायची. माझ्याच जुन्या शाळेत दुपारच्या शिफ्टला होती, बॅच करून तशीच शाळेत जायची. अबोल. एका पावसाळ्यात तिचं वजन भराभर उतरायला लागलं. पहिल्या सोमवारी दीड किलो, पुढच्या सोमवारी आणखी एक. दोन महिन्यांत सात किलो! टाळ्यांनी हॉल दणाणला. बायका तिच्याभोवती जमल्या. "काय खातेस?" "भात सोडलास का?" "मध-पाणी घेतेस का गं?"

मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. माझी विद्यार्थिनी! मी तिला बाकावर उभं केलं, शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला करतात तसं. म्हटलं, "लता, आज सगळ्यांना तुझं सिक्रेट सांग!"

लता बाकावर उभी राहिली. मग म्हणाली, "सिक्रेट काही नाही, मॅडम. आई गेली. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही."

दोन महिने ती रोज येत होती. आम्ही दर सोमवारी तिचं वजन विचारत होतो. बाकी काही विचारलं नव्हतं.

मी हात पुढे केला, तिला खाली उतरवायला. तेवढ्यात मागच्या रांगेतून नवीन आलेली एक मुलगी पुढे सरकली. मराठी जेमतेम कळायची बिचारीला, 'घशाखाली नाही' एवढंच तिनं पकडलं होतं. हातात वही-पेन. तिनं उत्साहानं विचारलं,

"अक्का, मतलब डिनर पूरा बंद?"

लतानं तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "हौ."

मुलीनं लिहून घेतलं!

काटा मी त्याच दिवशी माळ्यावर टाकला.

*

महिला दिनाला आम्हाला एका मंडळाचं बोलावणं आलं. आपल्याच मराठी लोकांचं मंडळ. सचिव रिटायर्ड सरकारी अधिकारी, फार सज्जन गृहस्थ. म्हणाले, "शैलाताई, यंदा विषय 'नारीशक्ती' आहे. तुमच्या मंडळींचं प्रात्यक्षिक ठेवू. समाजाला दिसलं पाहिजे!"

बायकांनी महिनाभर तयारी केली. एकसारखे जांभळे कुर्ते शिवले. कोण किती वजन उचलणार, कोण आधी, कोण नंतर, सगळं ठरलं. दोघींनी तर घरी पहिल्यांदाच सांगितलं की आम्ही असलं काही करतो. बार आणि प्लेट्स आम्ही ऑटोत घालून नेल्या, चार फेऱ्या झाल्या.

कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन. स्वागतगीत. अध्यक्ष बोलले, "स्त्री ही अबला नाही." प्रमुख पाहुणे बोलले, "स्त्री ही अबला नाहीच." मग आणखी तिघं उठले आणि तिघांनीही तेच सांगितलं. बोलणारे पाचही पुरुष! विजयक्का माझ्या कानात म्हणाली, "इत्ता बोल रहे, कोई नक्को बोला था क्या इनकू?"

दीड वाजला. सचिव स्टेजवरून म्हणाले, "वेळेअभावी प्रात्यक्षिक रद्द करावं लागत आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत. जेवण तयार आहे."

जांभळे कुर्ते घातलेल्या नऊ बायका बारभोवती उभ्या राहिल्या. घरी सांगून आलेल्यांपैकी एकीची मुलगी शेजारी उभी होती, ती विचारत होती, "मम्मी, तू कधी उचलणार?"

इतक्यात सचिव लगबगीनं आमच्याकडे आले. मला वाटलं, माफी मागायला.

"शैलाताई, जरा मदत हवी होती. टेंटवाल्याची माणसं आलीच नाहीत हो. एवढ्या खुर्च्या उचलून टेबलं मांडायला जागा करायची आहे. तुमची मंडळी ताकदवान आहेत ना!"

आणि आम्ही उचलल्या. हो, उचलल्या! चार-चार एका वेळी. आजही आठवलं की माझा मलाच राग येतो. पुरुष मंडळी हात धुऊन पंगतीची वाट पाहत उभी होती, आणि बाजूला होऊन आम्हाला वाट करून देत होती.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर सचिवांनी व्हिडिओ टाकला. नऊ जांभळे कुर्ते, प्रत्येकीच्या हातात चार खुर्च्या. खाली लिहिलं होतं,

"नारीशक्तीचं प्रात्यक्षिक. अप्रतिम!"

*

आता रेखाची गोष्ट. ही सांगायला मला आवडत नाही, पण ही वगळली तर बाकीच्या सांगायचा मला हक्क नाही.

तेव्हा माझा एक नियम होता. आठवड्यात तीन दिवस खाडा झाला की नाव कट. बायकांना शिस्त नसते म्हणून त्यांचा व्यायाम टिकत नाही, असं माझं ठाम मत होतं. भाषणात सांगायचे, भिंतीवर लिहून लावलं होतं.

रेखा अंबरपेठहून यायची. बिदरकडचं शेतकरी घराणं, सासऱ्यांनी जमीन विकून इथं हार्डवेअरचं दुकान टाकलेलं. वय अडतीस-चाळीस. अंगानं किरकोळ, पण पहिल्याच दिवशी तिनं पंचवीस किलो असं उचललं की मी पाहत राहिले. पाठ सरळ, ओझं अंगालगत, गुडघ्यातून जोर. शिकवायला काही उरलंच नव्हतं.

पण यायची फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मान हलवायची आणि परत मंगळवारीच उगवायची. तिसऱ्या वेळी माझा पारा चढला. सगळ्यांसमोर म्हणाले, "रेखा, सवय रोजची असते. मंगळवार-शुक्रवार देवीला जातात, व्यायामाला नाही! जमत नसेल तर दुसरीला जागा दे."

ती चटई गुंडाळून उभी राहिली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. "हौ मॅडम," म्हणाली. जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. भिंतीवरच्या कागदाकडे बोट करून विचारलं, "ते व्यायाम लिहिलेला कागद एक घेऊन जाऊ का?"

मी दिला. मनात म्हटलं, आता तेवढ्यावरच राहणार!

चार वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात अंबरपेठला एका बारशाला गेले होते. बाहेर पडताना हाक आली, "मॅडम!" रेखाच. हातात भाजीची पिशवी. "घर इथंच आहे, चहा घेऊन जा." नाही म्हणवेना.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत पलंगावर तिची सासू. अर्धांगवायू, सात वर्षं झाली. बोलणं गेलेलं, नुसते डोळे फिरत होते. मी विचारपूस करेपर्यंत रेखानं घड्याळ पाहिलं, एक हात सासूच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि तिला कुशीवर वळवलं. पाठीवर पावडर लावली. सात वर्षं अंथरुणावर असलेल्या बाईच्या पाठीला एक जखम नव्हती.

"एकटीच करतेस?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी नणंद येते ना. त्या दिवशी मी मोकळी!"

मी चहाचा कप खाली ठेवला.

ती आपल्या नादात बोलत होती. कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला माझा कागद, चारी कडांना चिकटपट्टी, हळदीचे डाग. त्याच्याशेजारी कॅलेंडरं, एकावर एक, चार वर्षांची. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी पेन्सिलीची खूण. कोपऱ्यात वाळू भरलेले दोन डबे होते, दोरीची मूठ लावलेले.

त्या वर्षी माझ्या बॅचला रोज येणाऱ्या अकराजणी होत्या. अकरांपैकी आज एकटी विजयक्का उरली आहे. आणि ही इथं कपाटाच्या दाराआड, चार वर्षं!

मी कसंबसं म्हटलं, "रेखा, मी तेव्हा तुला फार बोलले."

"नाही मॅडम," ती घाईघाईनं म्हणाली, मला वाईट वाटू नये म्हणून. "तुम्ही बरोबरच होतात. रोजची पाहिजे. मला काही अजून सवय लागली नाही."

*

आणि आता सुमतीबाई.

सुमतीबाईंचं वय चौसष्ट. राहायला आमच्या हॉलपासून दोन गल्ल्या पलीकडे. यजमान नरहरराव, रिटायर्ड वकील. जुनं हैदराबादी घराणं, आजोबा-पणजोबांपासून वकिली. डॉक्टरांनी हाडांसाठी वजनं उचलायला सांगितली म्हणून बाई आल्या आणि टिकल्या. चार वर्षं.

नरहररावांना ते कधी पटलं नाही. अडवलं असंही नाही. फक्त सुमतीबाई पावणेअकराला फाटकाबाहेर पडल्या की ते वर बाल्कनीत पेपर खाली करायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "निघाले पैलवान!" चार वर्षं, रोज. बाई वर न बघता चालत राहायच्या.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नरहरराव बाथरूममध्ये पडले. सकाळी आठची वेळ. घरात दोघंच, मुलगा बाहेरदेशी. शेजारचे रेड्डी मुलीकडे वरंगलला गेलेले, घराला कुलूप. त्या दिवशी दुपारी सुमतीबाईंनी मला फोन करून सगळं सांगितलं, एखाद्या विद्यार्थिनीनं पेपर कसा गेला ते सांगावं तसं.

"आधी विचारलं, दुखतंय कुठं. पाय हलवून बघितले. मग त्यांना बसतं केलं. पाठीमागून काखेत हात घातले. फरशी ओली होती, म्हणून आधी पायाखाली टॉवेल टाकला. पाठ सरळ ठेवली, मॅडम! श्वास घेतला आणि गुडघ्यातून उठले. पहिल्यांदा स्टुलावर. मग स्टुलावरून उभं केलं. मग पलंगापर्यंत."

"किती वजन असेल हो त्यांचं?"

"सत्तर. पण एका पायानं त्यांनी थोडा जोर दिला."

फोनवर नुसती "वा, वा" म्हणत राहिले.

हाड मोडलं नव्हतं, नुसता पाय मुरगळला होता. चार दिवसांनी मी आणि विजयक्का भेटायला गेलो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाच-सहा पुरुष मंडळी बसलेली. नरहरराव आरामखुर्चीत, पाय उशीवर, आणि पडण्याची कथा रंगात आलेली.

"ओरडलो म्हणून वाचलो! रेड्डी धावत आले. दाराला धक्का मारला, मला असा उचलला आणि पलंगावर आणून ठेवला. रेड्डी नसते तर मी तिथंच राहिलो असतो!"

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं वरंगलहून परतलेले रेड्डी बसले होते. त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं, परत ठेवलं आणि चहाच्या कपात पाहू लागले. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "शेजारी असावा तर असा!"

विजयक्कानं तोंड उघडलं. मी तिला ओळखते, ती आता सोडणार नव्हती. पण त्याच क्षणी सुमतीबाई ट्रे घेऊन आमच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी विजयक्काच्या डोळ्यांत बघितलं, तिच्या हातात कप दिला आणि विचारलं, "साखर बरोबर आहे का, अक्का?"

नऊ वर्षांत विजयक्काला गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग सुमतीबाईंनी रेड्डींसमोर ट्रे धरला. "घ्या ना, रेड्डीगारू. अजून एक बिस्किट घ्या."

त्यानंतर पंधरा-वीस दिवस त्या बॅचला आल्या नाहीत. यजमानांचा पाय, मग दिवाळी, फराळ, येणारे-जाणारे. मी मनातून धरून चालले होते की ही पण गेली. नऊ वर्षांत एवढं तर कळलंय, दिवाळीत गेलेली बाई परत येत नाही.

भाऊबीज झाली. त्यानंतरच्या सोमवारी अकराला पाच मिनिटं असताना सुमतीबाई दारात हजर. पदर खोचला, हात झटकले आणि सरळ बारपाशी जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांचा खंड पडलाय, म्हणून मी बारवरच्या प्लेट्स काढायला लागले.

"काढू नका, मॅडम," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे अडीच-अडीच किलो वाढवा."

"अहो, आज? आजच कशाला?"

सुमतीबाई खाली वाकल्या. पाठ सरळ केली, बार मुठीत धरला.

"दिवाळी झाली ना," त्या म्हणाल्या. "यांचं वजन वाढलंय."